‘वार्ता’, ‘माहिती’ आणि ‘धावते समालोचन’ : नभोवाणीवरील क्रीडाकथनाचे अर्थकारण

‘भारताचा चौथा गडी १२० धावांवर बाद झाला’ या साध्या वाक्याची जात कोणती, असा प्रश्न भाषाभ्यासकाला एरवी पडावयाचे कारण नाही. विधानार्थी वाक्य, भूतकाळ, कर्तरी प्रयोग, एवढे सांगून तो पुढे जाईल. परंतु हेच वाक्य खासगी एफ.एम. केंद्रावरून उच्चारले जावयाचे असेल, तर ते ‘वार्ता’ आहे, ‘माहिती’ आहे की ‘धावते समालोचन’ आहे, हे आधी ठरवावे लागते. या तीन शब्दांमधील सीमारेषा आपल्याकडे व्याकरणाने नव्हे, तर परवान्याच्या अटींनी आखली. आणि ती जेथे आखली गेली तेथेच खेळाला वाहिलेल्या नभोवाणी केंद्राची शक्यता संपली. हे कसे घडले, आणि त्यात मराठीचे काय गेले, याचा विचार प्रस्तुत लेखात करावयाचा आहे.

दूरदर्शन आले म्हणून नभोवाणीवरील क्रिकेट मागे पडले, असे स्पष्टीकरण बहुधा दिले जाते. ते अपुरे आहे. अमेरिकेत घरोघरी दूरचित्रवाणी असतानाच, १ जुलै १९८७ रोजी, न्यूयॉर्क येथे डब्ल्यू.एफ.ए.एन. हे अहोरात्र खेळाविषयीच बोलणारे केंद्र सुरू झाले आणि पुढे त्याच्या धर्तीवर गावोगावी केंद्रे निघाली. यातील मेख अशी की, असे केंद्र सामन्यांवर जगत नाही. सामन्याचे हक्क महाग असतात आणि सामना रोज नसतो. केंद्र जगते ते सामन्यांच्या मधल्या काळातील बोलण्यावर : कालच्या पराभवाची चिकित्सा, उद्याच्या संघनिवडीवरील वाद, दूरध्वनीवरून तावातावाने बोलणारे श्रोते. हे श्रोते केंद्राला आशय पुरवितात आणि त्याचे मोल मागत नाहीत. शिवाय गाणे लागले असता मनुष्य अर्धवट ऐकतो. बोलणे ऐकताना त्याचे लक्ष शब्दांवर असते, आणि मग मध्येच आलेली जाहिरातही त्याच्या कानी पडते. जाहिरातदार पैसे मोजतो ते या लक्षाचे.

आपल्याकडे नभोवाणीचा खर्च प्रथम श्रोताच सोशीत असे. रेडिओ बाळगण्यास परवाना लागे आणि त्याची फी टपाल कचेरीत भरावी लागे. १ नोव्हेंबर १९६७ रोजी ‘विविध भारती’च्या मुंबई, पुणे व नागपूर केंद्रांवर जाहिराती सुरू झाल्या आणि दुसरा दाता आला. मराठी क्रिकेट समालोचन जोपासले गेले ते मात्र जाहिरातीच्या हिशेबाने नव्हे, तर सार्वजनिक प्रसारणाचे कर्तव्य म्हणून. बाळ ज. पंडित यांच्यासारख्या समालोचकांच्या मुखातून यष्टिरक्षक, पायचीत, धावचीत, निर्धाव षटक हे शब्द ज्या सहजतेने येत, त्या सहजतेमुळे ते कोशातून कानात आणि कानातून वृत्तपत्रांत रुळले. शब्द घडविणे एक आणि तो तोंडी रुळविणे दुसरे. या दुसऱ्या कामाचे श्रेय नभोवाणीचे आहे.

शब्दसंपदेहूनही अधिक लक्षणीय आहे ती वाक्यरचना. चार्ल्स फर्ग्युसन यांनी १९८३ साली इंग्रजी क्रीडासमालोचनाच्या वाक्यविन्यासावर जो लेख लिहिला, त्यात क्रियापदांचा लोप, कर्ता व क्रियापद यांची उलटापालट, लांबलचक विशेषणे ही या भाषाप्रकाराची लक्षणे म्हणून नोंदविली. मराठीत ही उलटापालट अधिक अर्थपूर्ण आहे, कारण मराठीत क्रियापद वाक्यान्ती येते. ‘फलंदाजाने पुढे सरसावत चेंडू लाँगऑनच्या दिशेने उंच...’ येथवर आले तरी श्रोत्याला काय घडले ते कळलेले नसते. मैदानावर मात्र चेंडू तोवर सीमापार गेलेला असतो. म्हणून समालोचक म्हणतो : ‘उंच मारला आहे चेंडू, लाँगऑनच्या दिशेने, खाली क्षेत्ररक्षक... आणि सुटला झेल!’ क्रियापद अग्रभागी, तपशील मागाहून. काळाच्या दडपणाखाली भाषेने स्वतःची घडण कशी बदलावी, याचा इतका उघड नमुना अन्यत्र क्वचितच मिळेल. दृश्य पडद्यावर असले की हे दडपण नाहीसे होते. २०२३ साली आय.पी.एल.चे सामने जिओसिनेमावर मराठी समालोचनासह उपलब्ध झाले ही आनंदाची गोष्ट खरी. परंतु पाहणाऱ्यासाठी केलेले बोलणे म्हणजे भाष्य. न पाहणाऱ्यासाठी केलेले बोलणे म्हणजे कथन. या दोहोंचे व्याकरण एक नव्हे.

आता एफ.एम.कडे वळू. १९९३ साली आकाशवाणीने आपल्या एफ.एम. वाहिनीवरील काही तास खासगी निर्मात्यांना भाड्याने दिले. मुंबईत ‘टाइम्स एफ.एम.’ आणि ‘रेडिओ मिड-डे’ ही नावे प्रस्तुत लेखकाच्या पिढीच्या कानांत अद्याप आहेत. यंत्रणा सरकारी, आवाज खासगी. तास पालटला की निवेदनाची भाषा, तिची गती, श्रोत्याशी असलेली सलगी, सारेच पालटत असे. वाहिनी एकच असल्यामुळे हा फरक निव्वळ बोलण्याचा आहे हे शाळकरी मुलालाही उमजे. १९९८ साली हे करार पुढे चालू ठेवले गेले नाहीत आणि ते आवाज थांबले.

दरम्यान क्रिकेटनेच एक मोठा कायदेशीर पालट घडवून आणला होता. नोव्हेंबर १९९३ मधील हीरो चषक स्पर्धेच्या प्रक्षेपणावरून बंगालची क्रिकेट संघटना आणि केंद्र सरकार यांच्यात तंटा लागला. ९ फेब्रुवारी १९९५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने निर्णय दिला की, ध्वनिलहरी ही सार्वजनिक मालमत्ता होय. तिच्यावर सरकारची मक्तेदारी नाही. मुख्य निकालपत्र न्यायमूर्ती पी. बी. सावंत यांचे. खासगी एफ.एम.ची वाट या निर्णयाने मोकळी झाली; आणि जी वाट एका क्रिकेट स्पर्धेने उघडली, तिच्यावरून क्रिकेटलाच जाता येऊ नये, हा योगायोग विलक्षण म्हटला पाहिजे.

पहिल्या टप्प्यातील लिलाव २००० साली झाला. परवाना दहा वर्षांचा, आणि फी दरवर्षी १५ टक्क्यांनी वाढणारी. चक्रवाढीने हिशेब केला तर दहाव्या वर्षीची फी पहिल्या वर्षीच्या साडेतीनपट होते. मुंबईत पहिल्याच वर्षीची रक्कम सुमारे ९ कोटी ७५ लाख रुपये होती. २००२ मध्ये येथे पाच केंद्रे निघाली : रेडिओ मिर्ची, रेडिओ सिटी, रेड एफ.एम., गो ९२.५ आणि विन ९४.६. ‘विन’ थोड्याच काळात बंद पडले, ‘गो’चे नाव पुढे ‘रेडिओ वन’ झाले. इतक्या भाराखाली असलेला व्यावसायिक वेगळे काही करून पाहण्याचे धाडस करीत नाही. तो ज्याला सर्वाधिक श्रोते मिळतील तेच लावतो, म्हणजे हिंदी चित्रपटगीते. पाचांपैकी एकाचीही मुख्य भाषा मराठी नव्हती, याचे कारण भाषाद्वेषात शोधण्यापेक्षा या चक्रवाढीत शोधणे अधिक युक्त होय. २००५ च्या धोरणाने एकरकमी प्रवेशशुल्क व उत्पन्नाच्या ४ टक्के अशी पद्धती आणली. भार हलका झाला, पण तोवर सवय जडली होती.

फीपेक्षाही निर्णायक ठरली ती वार्ताबंदी. खासगी केंद्रांना वार्ता व चालू घडामोडी वर्ज्य होत्या. खेळाविषयी बोलणे म्हणजे कालच्या घडामोडीविषयी बोलणे. तेव्हा सामन्यांच्या मधल्या काळातील जे बोलणे अमेरिकेतील केंद्रांचे भांडवल होते, त्यावर येथे सदैव शंकेची छाया राहिली. २०११ च्या तिसऱ्या टप्प्याच्या धोरणाने या तिढ्याला शाब्दिक उत्तर दिले. क्रीडाप्रसंगांसंबंधीची ‘माहिती’ ही वार्ता मानली जाणार नाही. मात्र थेट वर्णन तिच्यात अंतर्भूत नाही. तथापि ‘स्थानिक स्वरूपाच्या’ क्रीडाप्रसंगांचे थेट समालोचन करता येईल. एकच वाक्य सामना चालू असताना क्रमाने उच्चारले तर समालोचन, जरा वेळाने तुटकपणे उच्चारले तर माहिती! अर्थ तोच, शब्द तेच. भेद केवळ उच्चारणाच्या काळाचा आणि सातत्याचा. राष्ट्रीय महत्त्वाचे सामने आकाशवाणीकडे राहिले. २००७ च्या कायद्याने हक्कधारकाला अशा सामन्यांचे प्रसारण प्रसार भारतीला द्यावे लागते, आणि जाहिरात-उत्पन्नाची वाटणी दूरचित्रवाणीसाठी किमान ७५ : २५, तर नभोवाणीसाठी ५० : ५० अशी ठरविली आहे.

राहता राहिले स्थानिक खेळ. एफ.एम.ची लहर फार दूर जात नाही, म्हणून तिचे जाहिरातदारही गावचेच. स्थानिक सामना आणि स्थानिक दुकानदार यांची सांगड कागदावर उत्तम बसते. परंतु प्रत्येक खेळ जाहिरातीला सारखी जागा देत नाही. कसोटीच्या दिवसात ९० षटके, म्हणजे जवळजवळ तितकेच नैसर्गिक विराम. मुंबईच्या कांगा लीगमध्ये विराम आहेत, पण एकाच दिवशी अनेक मैदानांवर सामने चालतात आणि पावसाने कोणता बंद पडेल याचा भरवसा नसतो. कबड्डीचे उलट आहे. श्रोतृवर्ग गावोगावी तयार आहे. पण तेथे चढाई तीस सेकंदांची, एक संपताच दुसरी सुरू, वीस वीस मिनिटांचे दोन डाव आणि मध्ये पाच मिनिटांची विश्रांती. समालोचकाला श्वास घेण्यास उसंत नाही, तेथे दुकानदाराची जाहिरात शिरावी कोठे? ती समालोचकाच्या वाक्यातच, चढाईपटूच्या नावाशेजारी, विशेषण म्हणून बसवावी लागेल.