सगळ्यालाच ‘विमानतळ’ म्हणू नका

मावळातल्या बेडसे इथे दोन मोठी लेणी शेजारीशेजारी आहेत. एकात स्तूप आहे, म्हणून ते चैत्यगृह. दुसऱ्याची मागची बाजूही चैत्यगृहासारखीच अर्धगोल, पण आत स्तूप नाही, भिंतींमध्ये भिक्षूंच्या खोल्या आहेत. म्हणून तो विहार. दोन्हींना नुसतं ‘लेणं’ म्हटलं तर चूक नाही, पण जागा कशासाठी होती तेच हरवतं.

परभाषेतली साधनं वाचताना हाच घोळ होतो. दुसऱ्या महायुद्धातल्या जर्मन हवाई दलाचे कागद घ्या. शब्दकोश बघून सगळीकडे ‘विमानतळ’ लिहायचा मोह होतो. पण हे शब्द बघा:

फ्लीगरहोर्स्ट: ‘होर्स्ट’ म्हणजे शिकारी पक्ष्याचं घरटं. बराकी, हँगर, कार्यशाळा असलेला कायमचा तळ.

आइन्झात्सहाफेन: शब्दशः ‘मोहिमेचं बंदर’. युद्धात वापरायला शांततेतच तयार करून ठेवलेली जागा. बहुधा गवताचं मैदान, सोयी मोजक्या.

फेल्डफ्लुगप्लात्स: आघाडीजवळचा, युद्धकाळात साध्या सोयींवर उभारलेला तळ. इथे ‘फेल्ड’ म्हणजे शेत नव्हे, रणक्षेत्र. सैनिकांच्या टपालालाही ‘फेल्डपोस्ट’ म्हणत.

शाइनफ्लुगहाफेन: शत्रूने भलतीकडे बाँब टाकावेत म्हणून मांडलेला खोटा तळ.

आता समजा, एखाद्या प्रदेशात किती तळ होते हे तुम्ही मोजताय. चारही शब्दांना ‘विमानतळ’ म्हटलंत, तर लढाऊ तुकडी कधी राहिलीच नाही अशा जागाही तक्त्यात येतील. मग नकाशा चुकेल आणि निष्कर्षही.

इंग्रजीतही तेच. पुण्याचं लोहगाव १९३९ मध्ये मुंबईच्या हवाई संरक्षणासाठी उभं राहिलं. आजही तो हवाई दलाचा मोठा तळ आहे. लडाखमधल्या दौलत बेग ओल्डीला मात्र ‘अ‍ॅडव्हान्स्ड लँडिंग ग्राउंड’ म्हणतात. तिथे ‘अ‍ॅडव्हान्स्ड’चं ‘प्रगत’ केलंत की अर्थ फिरलाच! ती जागा सीमेच्या दिशेने ‘पुढची’ आहे, सोयींनी पुढारलेली नव्हे.

म्हणून मूळ शब्द देवनागरीत तसाच ठेवा. पहिल्यांदा येईल तिथे एका ओळीत अर्थ सांगा. तक्त्यात प्रकाराचा वेगळा रकाना करा: कायमचा, राखीव, आघाडीचा, खोटा. शेजारी कागदाची तारीखही टाका, कारण युद्धात एकाच जागेचा वापर बदलू शकतो.