चेहरा भरतो तेव्हा

मोशीत पुणे-नाशिक रस्त्यावर पहाटे चाकणच्या कंपनीची बस पकडायची, आणि पोटाचा भरवसा नाही म्हणून चहाही न घेता निघायचं. अल्सरेटिव्ह कोलायटिस किंवा क्रोन्स हा आतड्याच्या दाहाचा आजार झालेल्या कामगाराचा दिवस असा सुरू होतो. त्याचं शरीर दोनदा बदलतं, आधी आजारानं आणि मग औषधानं. बघणारे आपण मात्र ते बरेचदा उलटं वाचतो.

आजार उसळला की आतड्याच्या अस्तराला जखमा होतात, रक्त जातं, भूक मरते. सततचा दाह स्नायू झिजवतो आणि पट्ट्याला नवं भोक पाडावं लागतं. केस बहुधा त्यानंतर दोन-तीन महिन्यांनी गळतात, कधी कधी पोट शांत झाल्यावर. आजार परतला असं वाटून माणूस हादरतो. पण ते मागच्या धक्क्याचं गळणं असतं, पुष्कळदा आपोआप थांबतं.

प्रेडनिसोलोन या स्टेरॉइडच्या गोळ्या दाह लवकर दाबतात, पण चरबीची जागा बदलतात. गाल, मानेची मागची बाजू आणि पोट भरतं, हातपाय उलट बारीक होतात. अंगात मीठ-पाणी साचतं. शेजारच्या काकू कौतुकानं म्हणतात, “आता कसं अंग धरलंस!” त्याला मात्र आरशातला तो वाटोळा चेहरा आपला वाटत नाही. डोस उतरत गेला की काही महिन्यांत गाल ओसरतात. नेमका बरा होत असताना कानावर येतं, “किती वाळलास रे!” हे बोलणं प्रेमाचंच, पण जिव्हारी लागतं. चेहऱ्यापायी गोळ्या एकदम सोडणं मात्र धोक्याचं. बाहेरून स्टेरॉइड मिळत असताना मूत्रपिंडावरच्या ग्रंथी मंदावलेल्या असतात. अचानक तुटवडा पडला तर रक्तदाब कोसळू शकतो.

काहींना शस्त्रक्रिया लागते. लहान आतड्याचं टोक पोटावर आणतात, तोच स्टोमा. पहिल्यांदा त्याकडे बघायला धीर लागतो. तो गालाच्या आतल्या बाजूसारखा लाल, ओलसर असतो. हात लावला तर दुखत नाही, पुसताना थेंबभर रक्त आलं तरी घाबरायचं कारण नाही. मल पोटावर लावलेल्या पिशवीत जमतो. खरं कसब ती पिशवी कातडीला चिकटवणाऱ्या चकतीला भोक कापण्यात आहे. ते स्टोमापेक्षा दोन-तीन मिलिमीटरच मोठं हवं, नाहीतर पातळ मल कातडी सोलवटतो. सुरुवातीचे काही आठवडे स्टोमा आकसत जातो, म्हणून माप पुन्हा पुन्हा घ्यायचं. पिशवी एक तृतीयांश भरली की रिकामी केली, तर शर्टावरून फारशी जाणवत नाही.

स्टोमाची जागा शस्त्रक्रियेआधी रुग्णाला उभं करून, बसवून, वाकवून पेनानं आखता येते. ती तशी आखून मागावी, आणि त्या तपासणीला कामावरची पँट आणि पट्टा घालूनच जावं.