चपळ मोटारीची किंमत कशी उतरते

बैल विकत घेतांना आपण त्याचे दांत पाहतों. आदत, दोनदाती, चौसा, जुळलेला, असें त्याचें वय जसजसें चढतें तसतशी त्याची किंमतही चढते, आणि जुळून कांहीं वर्षें काम केल्यावर मग ती उतरूं लागते. मोटारीस असें चढतें वय नाहींच. ज्या दिवशीं ती विक्रेत्याच्या दारांतून बाहेर पडते त्या दिवसापासून उतारच लागतो. ही गोष्ट सर्वांस ठाऊक असते; परंतु हा उतार किती वेगाचा असतो व त्याचा भार कोणाच्या अंगावर पडतो, याचा हिशेब मोटार घेतांना फार थोडे लोक मांडतात. हल्लीं तरुण मंडळींस ज्या चपळ छोट्या मोटारी आवडतात, म्हणजे आकारानें चार मीटरांच्या आंतील साध्याच, पण टर्बो लावलेलें जोरदार इंजिन व ताठ स्प्रिंगा असलेल्या, त्यांच्या बाबतींत तर हा हिशेब अवश्य मांडला पाहिजे.

उदाहरणादाखल शोरूमची किंमत १० लाख रुपये असलेली पेट्रोलची मोटार घेऊं. महाराष्ट्रांत तिच्यावर एकरकमी वाहनकर ११ टक्के, म्हणजे १ लाख १० हजार पडतो. पुढें मोटार विकतांना हा कर कोणी निराळा मोजून देत नाहीं, तो गेलाच. आतां उतार पाहूं. विमा कंपन्या मोटारीची किंमत ठरवितांना जें कोष्टक वापरीत आल्या आहेत त्याप्रमाणें सहा महिन्यांच्या आंतील मोटारीवर ५ टक्के घसारा धरतात. एका वर्षाच्या आंत १५, दोहोंच्या आंत २०, तिहींच्या आंत ३०, चोहोंच्या आंत ४० आणि पांचांच्या आंत ५०. पांच वर्षांपुढें विमेवाला व मालक यांनीं आपसांत किंमत ठरवावयाची असते. आयकराची रीत निराळी आहे. तींत दरसाल १५ टक्के वजा करावयाचे, पण मूळ किंमतीवर नव्हे, तर उरलेल्या शिलकेवर. त्या रीतीनें १० लाखांचे पांच वर्षांअखेर सुमारें ४ लाख ४४ हजार उरतात. दोन्ही मार्गांनीं गेलें तरी पांच वर्षांत मोटार निम्मी किंवा त्याहून थोडी कमी होते.

आमच्यांतील बहुतेक लोक मोटारीचा खर्च म्हणजे पेट्रोल असें समजतात. पेट्रोलाचाही हिशेब करूं. वर्षास १० हजार किलोमीटर फिरणें, लिटरला १४ किलोमीटर व लिटरचा भाव १०५ रुपये धरला, तर वर्षाचें पेट्रोल सुमारें ७५ हजारांचें होतें. म्हणजे किलोमीटरला साडेसात रुपये. उलट कर धरून ११ लाख १० हजारांस पडलेली मोटार पांच वर्षांनीं ५ लाखांस विकली, तर ६ लाख १० हजार गेले. दरसाल १ लाख २२ हजार, म्हणजे किलोमीटरला १२ रुपये २० पैसे. तीन वर्षांनींच ७ लाखांस विकली तर वार्षिक तोटा १ लाख ३७ हजारांच्या घरांत जातो. पेट्रोलाचे पैसे आपण दर आठवड्यास खिशांतून काढतों म्हणून ते टोंचतात. हे पैसे विक्रीच्या दिवशीं एकदमच दिसतात, आणि तेव्हां उपाय उरलेला नसतो.

हें झालें कोष्टक. बाजार कोष्टकाप्रमाणें चालत नाहीं, व चपळ मोटारीच्या बाबतींत तर मुळींच नाहीं. शर्यतीचा खिलार खोंड पहा. शौकिनाच्या दृष्टीनें त्याचें मोल मोठें. पण नांगरास जोडणारा गिऱ्हाईक त्याला तें मोल देणार नाहीं. २०१४ सालीं न्यायालयाच्या आज्ञेनें शर्यती बंद झाल्या, तेव्हां अशा बैलांचें गिऱ्हाईकच आटलें. डिसेंबर २०२१ मध्यें सशर्त परवानगी मिळाल्यावर तें परत आलें. बैल तेच, वळूही तेच. गिऱ्हाईकांची संख्या तेवढी पालटली. चपळ मोटारीचें गिऱ्हाईक असेंच थोडें व लहरी असतें. जुनी मोटार घेणारा सामान्य कुटुंबवत्सल मनुष्य पहिल्यानें मायलेज विचारतो, मग सुट्या भागांची किंमत. साध्या मोटारीपेक्षां दीड-दोन लाख जास्त देऊन घेतलेला जोर त्याला नकोच असतो, म्हणून तो जास्तीचा पैसा सर्वांत आधीं विरतो. शिवाय त्याच्या मनांत शंका असते कीं, ही मोटार कोणीतरी दामटली असेल.

पुणें जिल्ह्यांतच दोन उदाहरणें आहेत. चाकण येथें बनणारी फोक्सवॅगनची पोलो २०१० पासून २०२२ पर्यंत विकली गेली. तिची १०५ अश्वशक्तीची जी. टी. टी. एस. आय. ही आवृत्ति २०१३ सालीं आली. तिचा दोन क्लचांचा, सात गियरांचा स्वयंचलित गियरबॉक्स चालविण्यास सुरेख. पण तो बिघडला तर दुरुस्ति महाग, म्हणून जुनी घेणारा बिचकतो व किंमत पाडून मागतो. तरीही मोटार बंद झाल्यावर शौकिनांनीं नीट राखलेल्या पोलोंचा शोध सुरूं केला, आणि त्यांचा उतार मंदावला. दुसरी फियाटची पुंटो, रांजणगांवची. तिची १४५ अश्वशक्तीची अबार्थ आवृत्ति ऑक्टोबर २०१५ मध्यें १० लाखांच्या आंतबाहेर निघाली. २०१९ च्या सुमारास फियाटनें येथील मोटारविक्रीच थांबविली. सामान्य पुंटो सुट्या भागांच्या भीतीनें कवडीमोल झाली. अबार्थ मात्र मोजकींच माणसें शोधतात, व तीं किंमतही देतात. पण अशीं माणसें आपल्या तालुक्यांत भेटत नाहींत. त्यासाठीं पुणें-मुंबई गांठावी लागते व थांबण्याची ऐपत असावी लागते.

नव्या मोटारीची किंमत उतरली तरी जुनीची आपोआप उतरते. फोक्सवॅगननें २०१६ सालीं पोलोची तीन दारांची जी. टी. आय. परदेशांतून आणून सुमारें २६ लाखांस विकावयास काढली, व पुढील वर्षीं तिची किंमत सुमारें ६ लाखांनीं खालीं आणली. ज्यांनीं आधीं घेतली त्यांचें काय झालें असेल तें सांगावयास नकोच. अलीकडे, २२ सप्टेंबर २०२५ पासून, बाराशें घनसेंटीमीटरांपर्यंतच्या लहान पेट्रोल मोटारींवरील वस्तु व सेवा कर उपकरासह २९ टक्क्यांवरून १८ टक्क्यांवर आला. सर्व लाभ गिऱ्हाईकास दिला तर १० लाखांची मोटार ९ लाख १५ हजारांस येते. आदल्या दिवशीं ज्यानें घेतली त्याचे ८५ हजार एका रात्रींत गेले.

माझ्या पुतण्यानें ऑक्टोबर २०२२ मध्यें अशीच एक मोटार घेतली. शोरूमची किंमत १० लाख. दोन एकरांच्या ठिबकासाठीं राखून ठेवलेल्या २ लाख १० हजारांतून १ लाख आगाऊ भरले, १ लाख १० हजार कर भरला. बाकीच्या ९ लाखांस ९ टक्के व्याजानें सात वर्षांचें कर्ज काढलें. हप्ता दरमहा १४ हजार ४८० रुपये. हौसेनें त्यानें चाकें मोठीं बसविलीं, धुराड्याचा आवाज वाढवून घेतला. ऊसाचें बिल लांबलें तेव्हां हप्ते जड जाऊं लागले, आणि ऑक्टोबर २०२५ मध्यें मोटार विकावयास काढली. विम्याच्या कागदावर किंमत ७ लाख. जुन्या मोटारींच्या व्यापाऱ्यानें ६ लाख दिले. नवीच स्वस्त झाली, चाकें मूळचीं नाहींत, व त्याला स्वतःच्या नफ्यावर १८ टक्के कर भरावयाचा, अशीं तीन कारणें त्यानें सांगितलीं, व तिन्ही खरीं होतीं. बँकेचें येणें ५ लाख ८२ हजार निघालें. छत्तीस हप्त्यांचे ५ लाख २१ हजार भरून पुतण्याच्या हातांत १८ हजार आले. पहिल्या वर्षांत हप्त्यांतील जवळजवळ निम्मा भाग व्याजासच जातो, आणि त्याच काळांत मोटारीची किंमत सर्वांत वेगानें उतरते. म्हणून मुद्दल मोटारीच्या मागेंच धांवत राहतें.

ज्याला अशी मोटार हवीच असेल त्यानें पांच-सहा वर्षांची पहावी. मोठा तोटा पहिल्या मालकानें सोसलेला असतो. मात्र सर्व्हिसच्या नोंदी अखंड असाव्या. इंजिनाच्या संगणकांत फेरफार करून जोर वाढविलेला नसावा. थंड इंजिन आपल्यासमोर सुरूं करवावें व धुराचा रंग पाहावा. चारही टायर सारखे झिजले आहेत कीं नाहीं तें हात फिरवून पाहावें. आंतली कड जास्त खाल्लेली असेल तर चेसिसला मार बसला असण्याचा संभव असतो. आर. सी. बुकावर कर्जाची नोंद असेल तर ती उतरविल्याशिवाय पैसे देऊं नयेत.

पुतण्यानें आतां सहा वर्षांची साधी मोटार रोखीनें घेतली आहे. ठिबक यंदा दोनांपैकीं एकाच एकरावर बसलें.