५८८ थ्री मारूनही ड्राफ्टमध्ये नाव नाही

कोर्टावरचं गणित : लेखांक ६

पिट्सबर्ग, २१ मार्च २०२४. एनसीएए स्पर्धेची पहिली फेरी. एका बाजूला केंटकी, म्हणजे अमेरिकी कॉलेज बास्केटबॉलमधलं जुनं, मातब्बर घराणं. दुसऱ्या बाजूला मिशिगनमधलं ओकलंड विद्यापीठ, ज्याचं नाव तोवर फारसं कुणाच्या कानावर नव्हतं. ओकलंडच्या जॅक गोल्कीने त्या रात्री २० थ्री टाकले आणि १० आत घातले. एकूण ३२ गुण, त्यातले ३० रेषेबाहेरून. ओकलंड ८०-७६ ने जिंकलं. केंटकीचा नावाजलेला शूटर रीड शेपर्ड ३ गुणांवर अडकला.

तीन महिन्यांनी एनबीएचा ड्राफ्ट झाला, म्हणजे संघांनी नवे खेळाडू आळीपाळीने निवडण्याचा सोहळा. शेपर्ड तिसऱ्या क्रमांकावर गेला, त्याचा सहकारी रॉब डिलिंगहॅम आठव्या. गोल्कीचं नाव ५८ निवडींमध्ये कुठेच नव्हतं.

ड्राफ्टची पद्धत आपण गेल्या आठवड्यात पाहिली. आजचा प्रश्न तिच्या पोटातला आहे. गेली दहा-बारा वर्षं एनबीएचा सगळा खेळ थ्रीभोवती फिरतोय. मग कॉलेजात थ्रीचा पाऊस पाडणारी ही मुलं तिथे पोचत का नाहीत?

सुरुवात विक्रमांपासून करू. डिव्हिजन वनमध्ये कारकिर्दीत सर्वाधिक थ्री मारण्याचा विक्रम २००६ पासून चौघांच्या हाती फिरला. ड्यूकचा जे. जे. रेडिक ४५७ वर थांबला. २०१४ मध्ये ओकलंडच्याच ट्रॅव्हिस बेडरने तो आकडा ५०४ वर नेला, २०१९ मध्ये वॉफर्डच्या फ्लेचर मगीने ५०९ वर. मग डेट्रॉइट मर्सीच्या अँटवान डेव्हिसने २०२३ पर्यंत तब्बल ५८८ थ्री मारले. डेव्हिसचे एकूण गुण ३,६६४ झाले, पीट मॅराविचच्या विक्रमापेक्षा अवघे ३ कमी. (मॅराविचने ते तीन मोसमांत केले होते, तेही थ्रीची रेषा अस्तित्वात नसताना, डेव्हिसला पाच मोसम मिळाले. तरीही या आकड्याला कमी लेखायचं कारण नाही.) या चौघांपैकी ड्राफ्टमध्ये निवड झाली एकट्या रेडिकची, अकराव्या क्रमांकावर.

याचं सगळ्यात सोपं उत्तर दिलं जातं ते अंतराचं. एनबीएची रेषा समोरून २३ फूट ९ इंचांवर आहे, कॉलेजची आज २२ फूट पावणेदोन इंचांवर. दीड फुटाहून थोडा जास्त फरक. हे कारण मला पटत नाही. रेडिक खेळत होता तेव्हा कॉलेजची रेषा १९ फूट ९ इंचांवर होती, एनबीएपेक्षा पूर्ण चार फूट जवळ. त्याच रेडिकने पुढे एनबीएत १५ मोसम काढले आणि ४१.५ टक्क्यांनी थ्री मारले. हात चांगला असेल तर एका उन्हाळ्याच्या सरावात अंतर आटोक्यात येतं. शिवाय कोपऱ्यात एनबीएची रेषा २२ फुटांवरच आहे, म्हणजे कॉलेजइतकीच.

खरी अडचण वेळेची आहे, आणि ती समजून घ्यायला मगीचे दोन सामने पुरेसे आहेत. मार्च २०१९, जॅक्सनव्हिल. वॉफर्ड हे साउथ कॅरोलिनातल्या स्पार्टनबर्गमधलं छोटं कॉलेज, पण त्या वर्षी संघ जबरदस्त होता. पहिल्या फेरीत सीटन हॉलविरुद्ध मगीने ७ थ्री मारले आणि बेडरचा विक्रम मोडला. धावता धावता, अंगाला पीळ देऊन, पाय पूर्ण स्थिरावण्याआधीच बॉल सोडण्यात तो पटाईत होता. दोन दिवसांनी समोर केंटकी. त्या सामन्यात मगीने १२ थ्री टाकले आणि एकही आत गेला नाही. वॉफर्ड ६२-५६ ने हरलं.

त्याचा हात एका रात्रीत बिघडला नव्हता. केंटकीकडे उंच, लांब हातांचे, पायांनी चपळ असे गार्ड होते आणि ते त्याला एक क्षणही सोडत नव्हते. स्क्रीनमागून (सहकाऱ्याने बचावपटूच्या वाटेत उभं राहून केलेल्या अडथळ्यामागून) तो बाहेर पडायचा तेव्हा एक बचावपटू खांद्याला खांदा लावून बरोबर असायचाच आणि पुढून दुसरा हात वर करून उभा. एरवी बॉल हातात आल्यावर त्याला जो एक श्वास मिळायचा, तो त्या दिवशी मिळत नव्हता. एनबीएत असे बचावपटू रोज रात्री समोर असतात. तिथे खेळाडूची सरासरी उंची साडेसहा फुटांच्या आसपास आहे आणि दोन्ही हात पसरले तर लांबी त्याहूनही काही इंच जास्त भरते. कॉलेजात 'मोकळा' वाटणारा शॉट तिथे मोकळा राहत नाही. म्हणून स्काउट बॉल आत गेला की नाही एवढंच बघत नाहीत. बॉल हातात आल्यापासून सुटेपर्यंत किती वेळ गेला, तो छातीपर्यंत खाली आणून मग वर नेला की थेट डोक्यावरून सुटला, आणि समोर हात आल्यावर शॉटची कमान बदलली का, याकडे त्यांचं बारीक लक्ष असतं.

आता हीच उंची शूटरच्या बाजूने धरून बघा. डंकन रॉबिन्सन विल्यम्स या छोट्याशा डिव्हिजन थ्री कॉलेजातून मिशिगनला आला. २०१८ च्या ड्राफ्टमध्ये त्याचीही निवड झाली नाही. पण तो ६ फूट ७ इंच उंच आणि बॉल सोडण्याचा वेग प्रचंड. मायामीने त्याला घडवलं आणि २०१९-२० च्या मोसमात त्याने २७० थ्री मारले. सॅम हाउजर ६ फूट ७ इंच, ड्राफ्टमध्ये न निवडला गेलेला, बोस्टनसोबत विजेता ठरला. काइल कॉर्व्हर ६ फूट ७ इंच, २००३ मध्ये ५१व्या क्रमांकावर निवडला गेला आणि पुढची १७ वर्षं खेळला. डेव्हिसची उंची जेमतेम ६ फूट १ इंच आणि अंगकाठी सडपातळ. या सहा इंचांचा हिशोब घामाने भरून निघत नाही, आणि या विषयात मला सगळ्यात जास्त टोचतं ते हेच.

इथे कुणीही स्टीफन करीचं नाव घेणार, घ्यायलाच हवं. तोही लहान चणीचा, तोही डेव्हिडसनसारख्या छोट्या कॉलेजातला. मात्र करीला निव्वळ शूटर म्हणणं अन्यायाचं आहे. बॉल हाताळण्यात तो जगातल्या मोजक्या लोकांत बसतो, म्हणून स्वतःची जागा स्वतः तयार करतो, आणि दोघे अंगावर आले की योग्य माणसाला पास देतो. उलट गोल्कीने २०२३-२४ च्या संपूर्ण मोसमात दोन गुणांचे शॉट घेतले होते फक्त ८. अशा खेळाडूला रेषेवरून हुसकावून लावलं की बचावाचं काम संपतं.

यापुढचं कारण टीव्हीवर पटकन दिसत नाही: कोर्टची दुसरी बाजू. शूटर बचावात कच्चा असेल तर कॉलेजात त्याला झाकता येतं. तिथे झोन खेळतात, म्हणजे माणसाऐवजी जागा राखतात, आणि संघाचा सर्वांत उंच खेळाडू बास्केटखाली ठाण मांडून उभा राहू शकतो. कच्चा गार्ड मागे पडला तरी पाठीशी कुणीतरी असतं. एनबीएत बचावपटूला कुणालाही जवळून न अडवता बास्केटसमोरच्या रंगीत पट्ट्यात तीन सेकंदांपेक्षा जास्त उभं राहता येत नाही. २००१-०२ च्या मोसमापासून हा नियम आहे. आधाराचा माणूस त्यामुळे हलता राहतो आणि कोर्ट उघडं पडतं.

मग प्रतिस्पर्धी काय करतात? आपला कच्चा बचावपटू ज्याला अडवत असतो, त्यालाच ते स्क्रीन लावायला पुढे बोलावतात. स्क्रीन लागला, बचावाने माणसं बदलली की त्यांच्या सर्वांत धोकादायक खेळाडूसमोर आपला शूटर एकटा सापडतो. ही चाल जमली तर पुन्हा तीच, आणि नंतर पुन्हा तीच. प्लेऑफमध्ये हे इतकं उघड चालतं की प्रेक्षकांनाही पुढच्या वेळी कुणाला हेरणार ते कळतं. शूटरने एका बाजूला तीन थ्री मारून ९ गुण दिले आणि दुसऱ्या बाजूला १२ गुण जाऊ दिले तर प्रशिक्षक त्याला बाकावर बसवणार, त्याला इलाज नाही.

जिमर फ्रेडेटचं उदाहरण या संदर्भात फार बोलकं आहे. २०१०-११ मध्ये ब्रिगहॅम यंग विद्यापीठाकडून त्याने सामन्यामागे २८.९ गुण केले, त्या मोसमात देशात सर्वाधिक. ड्राफ्टमध्ये तो दहावा होता आणि सॅक्रामेंटोकडे गेला. एनबीएत त्याचे थ्री ३७ टक्क्यांहून जास्त पडले. शूटर म्हणून हा आकडा चांगलाच. तरी तो संघामागून संघ बदलत राहिला. कॉलेजात सगळा खेळ त्याच्या हातातून सुरू व्हायचा. इथे बॉल दुसऱ्याच्या हातात होता, त्याच्या वाट्याला बाकावरून उठून थंड हाताने टाकायचे चार-पाच शॉट होते, आणि बचावात तो ज्याच्या समोर उभा राही त्याला रोखणं जमत नव्हतं. चीनमध्ये शांघायकडून मात्र २०१७ मध्ये त्याने एका सामन्यात ७३ गुण ठोकले.

कॉलेजच्या टक्केवारीवर किती विसंबायचं, हाही प्रश्न संघांपुढे असतो. मोसमात २०० थ्री टाकणाऱ्या खेळाडूची खरी क्षमता ४० टक्के धरली, तरी निव्वळ योगायोगाने तो एका वर्षी ३७ आणि दुसऱ्या वर्षी ४३ टक्के दाखवू शकतो. म्हणून जाणकार फ्री थ्रोचा आकडाही पाहतात. तिथे अंतर ठरलेलं, समोर कुणी नाही, आणि हाताची घडण स्वच्छ दिसते.

जागा किती आहेत तेही लक्षात ठेवा. ३० संघ, प्रत्येकी १५ नियमित करार, म्हणजे ४५०. डिव्हिजन वनमध्ये साडेतीनशेहून जास्त कॉलेजं आहेत, आणि एनबीएतल्या जागांवर जगभरातल्या खेळाडूंचाही डोळा असतो.

मग रेडिकला काय जमलं? सुरुवातीला त्यालाही काही जमलं नाही. ऑर्लँडोत दुसऱ्या मोसमात त्याला निम्म्याहून अधिक सामन्यांत खेळायलाच मिळालं नाही. त्याने मग दोन गोष्टी केल्या. बॉल नसताना इतकं पळायला शिकला की त्याच्या मागे धावणारा दमून जाई. आणि बचावात उंचीने कमी असूनही पायांची शिस्त इतकी कमावली की २००९ च्या प्लेऑफमध्ये बोस्टनच्या रे अ‍ॅलनमागे धावण्याचं काम त्याच्यावर सोपवण्यात आलं. ड्यूकचा लाडका स्टार असलेल्या मुलाने वीस मिनिटांचा कामकरी खेळाडू व्हायचं मनावर घेतलं. माझ्या मते हे ४५७ थ्रींपेक्षा अवघड होतं, कारण तोवर त्याला कुणी कशासाठी नाही म्हटलेलं नव्हतं.

आणि एकदा आत गेलं म्हणजे जागा कायमची झाली असंही नाही. रॉबिन्सनला २०२१ मध्ये मायामीने पाच वर्षांसाठी ९ कोटी डॉलरचा करार दिला. २०२२ च्या मार्चमध्ये त्याची सुरुवातीच्या पाचातली जागा मॅक्स स्ट्रसकडे गेली. स्ट्रसही ड्राफ्टमध्ये न निवडलेला शूटरच, पण बचावात अधिक दणकट.

उरलेल्यांसाठी युरोप, जपान, चीन आणि एनबीएची दुय्यम जी लीग आहे. तिथे बास्केटबॉलवर पोट भरतं, घर चालतं. शिवाय जुलै २०२१ पासून कॉलेजच्या खेळाडूंना स्वतःच्या नावावर जाहिरातींतून पैसे कमावण्याची मुभा मिळाल्याने काही शूटरांसाठी कॉलेजातलं आणखी एक वर्ष जी लीगच्या पगारापेक्षा फायद्याचं ठरतंय. ड्राफ्टला नाव द्यायचं की परत जायचं, हा हिशोब त्यामुळे पार बदलला आहे. तो पुढच्या आठवड्यात मांडू.