कडब्यावरून थेट हिरव्या गवतावर? घोड्याच्या बाबतीत ही घाई महागात पडते

मृगाच्या सरी पडून आठ-दहा दिवस झाले की माळ हिरवा दिसायला लागतो. उन्हाळाभर कडबा आणि वाळक्या गवतावर काढलेलं जनावर त्या वासानेच दावं ओढतं. गाई-बैल सोडले, शेळ्या सोडल्या, मग घोडीलाही सोडून दिलं जातं. घोळ होतो तो इथेच.

त्यात आषाढी एकादशीपासून लग्नाचे मुहूर्त थांबतात. वरातीची घोडी जागेवर उभी राहते. काम बंद, चारा मात्र हिरवागार आणि वरून तोबऱ्यातली चंदी चालूच. मेंढरांच्या वाड्याबरोबर रोज मैलोनमैल चालणाऱ्या तट्टांना हा त्रास कमी होतो. बसून असलेल्या, अंगाने भरलेल्या घोडीला जास्त.

घोडा गवत खातो म्हणून त्याचं पोट गाईसारखं असेल, असं अनेकांना वाटतं. तसं नाही. घोडा रवंथ करत नाही. त्याची जठराची पिशवी लहान, साधारण 8 ते 15 लिटरची. चाऱ्यातला तंतूचा भाग पचतो तो पार मागे, मोठ्या आतड्यात, आणि ते काम तिथले सूक्ष्म जंतू करतात. महिनोन्‌महिने कडबा मिळत असेल तर कडबा पचवणारे जंतूच तिथे जास्त असतात. नव्या चाऱ्याची सवय व्हायला त्यांना दोन आठवडे तरी लागतात.

कोवळ्या गवतात पाणी आणि साखर जास्त, तंतू कमी. असं गवत एकदम पोटभर खाल्लं की न पचलेली साखर मागच्या आतड्यात जाऊन भराभर आंबते. वायू धरतो, आम्ल वाढतं. घोड्याला ओकारी होत नाही, गाईसारखा ढेकरही देता येत नाही. मग पोट फुगतं, पीळ पडतो. हाच पोटशूळ. वेळेत उपचार झाले नाहीत तर काही तासांत घोडा दगावू शकतो.

दुसरा त्रास पायात दिसतो, म्हणून तो पटकन लक्षात येत नाही. आतड्यातला बिघाड रक्तातून खुरापर्यंत पोचतो आणि खुराच्या आतला नाजूक थर सुजतो. डॉक्टर याला लॅमिनायटिस म्हणतात. जाड झालेल्या घोडीला तर पोट न दुखताही, नुसत्या जादा साखरेने हा आजार होतो. घोडी पुढचे पाय पुढे टाकून मागच्या पायांवर भार घेऊन उभी राहते, वळताना अडखळते, खूर हाताला गरम लागतो. मालकाला वाटतं नाल टोचली, आणि तो नालबंदाकडे नेतो. त्यात दोन दिवस जातात. आजार वाढला तर खुरातलं हाड खाली सरकतं आणि घोडी कायमची लंगडी होते.

हे टाळायला खर्च फारसा नाही, सवड मात्र लागते. पहिले दोन-तीन दिवस अर्धा तासच चारावं. मग रोज पंधरा-वीस मिनिटं वाढवत न्यावं. दोन आठवड्यांत तीन-चार तासांपर्यंत पोचलं तरी पुरे. सोडण्याआधी कडबा किंवा वाळलेलं गवत खाऊ घालावं. उपाशी घोडा गवतावर तुटून पडतो, पोट थोडं भरलेलं असेल तर सावकाश खातो. गवतातली साखर दिवसभराच्या उन्हाने वाढत जाते, म्हणून सकाळची वेळ बरी. काम बंद असेल तर चंदी कमी करावी आणि घोडीला रोज थोडं फिरवावं. पाणी कायम पुढ्यात असावं.

गवत निदान वीतभर वाढू द्यावं. अगदी बुटकं गवत घोडा मुळासकट उपटतो, माती-वाळू पोटात जाते आणि त्यानेही पोटशूळ होतो. ओलं कापून ढीग मारलेलं गवत आतून गरम होतं, ते टाकू नये. बांधावरचं हत्ती गवत गाई-म्हशींना चालतं, पण महिनोन्‌महिने नुसतं तेच दिलं तर त्यातल्या ऑक्झलेटमुळे घोड्याला कॅल्शियम मिळत नाही आणि हाडं कमजोर होतात. लसूणघासही पहिल्यांदा मूठ-दोन मूठच, कडब्यात मिसळून.

घोडी पुढच्या पायाने जमीन उकरते, सारखी वळून कुशीकडे बघते, लोळते, घामाघूम होते, लीद बंद होते. यातलं काहीही दिसलं की चारा-चंदी लगेच काढून घ्यावी आणि पशुवैद्यकाला बोलवावं. सरकारी फिरत्या पशुवैद्यकीय पथकासाठी 1962 हा टोल फ्री क्रमांक आहे. डॉक्टर येईपर्यंत घोडी जोरात लोळत असेल तर सावकाश चालवावं, पळवू नये.

गाय फुगली की नळीने किंवा बाटलीने गोडेतेल पाजायची आपल्याकडे पद्धत आहे. घोड्याला असं कधीही पाजू नये. तेल फुप्फुसात गेलं तर पोटशूळ राहतो बाजूला, घोडा त्यानेच जातो. डॉक्टर नाकातून नळी थेट जठरात घालून औषध देतात, ते घरी करायचं काम नाही. माणसाच्या दुखण्याच्या गोळ्याही देऊ नयेत. दुखणं दबतं, आजार आत वाढत राहतो. खूर गरम लागत असेल तर गवत बंद करावं, घोडीला मऊ जागेवर उभं करावं आणि डॉक्टर येईपर्यंत पाय गार पाण्यात ठेवावेत. अशा घोडीला चालवू नये.

पाऊस नसतानाही चारा बदलतोच. दत्तजयंतीला सारंगखेड्याच्या बाजारातून घोडा घेतला की तो नव्या गावी, नव्या चाऱ्यावर येतो. घेताना विकणाऱ्याला घोडा काय खात होता, चंदी किती आणि कोणती, हे विचारावं. जमलं तर त्याच्याकडचाच आठ-दहा दिवसांचा चारा गाडीत टाकून आणावा आणि त्यात आपला चारा रोज थोडा थोडा मिसळत जावा.