पिकरिंग श्रेणी

पिकरिंग श्रेणी : एक इलेक्ट्रॉन गमावलेल्या (आयनीभूत) हीलियम अणूच्या वर्णपटातील, चौथ्या ऊर्जा पातळीवर येऊन थांबणाऱ्या संक्रमणांमुळे मिळणारी रेषामालिका. अमेरिकन ज्योतिर्विद एडवर्ड चार्ल्स पिकरिंग (१८४६–१९१९) यांना ती १८९६ मध्ये प्युपिस तारकासमूहातील झीटा या अतितप्त ताऱ्याच्या वर्णपटात आढळली.

या मालिकेतील एकाआड एक रेषा हायड्रोजनाच्या बामर श्रेणीतील रेषांच्या अगदी जवळ येतात. उरलेल्या त्यांच्या दरम्यान पडतात. बामर श्रेणीतील प्रकाशाची कंप्रता (१/२² − १/न²) या राशीच्या प्रमाणात असते व ‘न’ची मूल्ये ३, ४, ५… अशी पूर्णांकी असतात. मधल्या रेषांसाठी ३½, ४½… अशी मूल्ये घेतली की त्यांची स्थाने जुळत. म्हणून त्याही हायड्रोजनाच्याच मानल्या गेल्या. १९१२ मध्ये ॲल्फ्रेड फाउलर यांना हायड्रोजन व हीलियम यांच्या मिश्रणातील विद्युत् विसर्जनात ४,६८६ अँगस्ट्रॉमची संबंधित रेषा मिळाली आणि त्यांनीही ती हायड्रोजनाचीच समजली.

नील्स बोर (१८८५–१९६२) यांनी १९१३ मध्ये मांडलेल्या सिद्धांताला हे मानवणारे नव्हते. त्यात इलेक्ट्रॉनाचा कोनीय संवेग ठराविक राशीच्या पूर्ण पटीतच असतो. अर्ध्या पटी मान्य केल्या असत्या, तर सिद्धांताचा पायाच उरला नसता. बोर यांनी या रेषा हीलियमाच्या ठरविल्या. त्याच्या अणुकेंद्रावरील विद्युत् भार हायड्रोजनाच्या दुप्पट असल्याने ऊर्जा चौपट होते आणि ४(१/४² − १/न²) या सूत्रात सर्व अंक पूर्ण राहतात. त्याच वर्षी इव्हान्स यांनी मँचेस्टर येथे हीलियम वायूत ४,६८६ अँगस्ट्रॉमची रेषा मिळविली. त्या वेळी हायड्रोजनाच्या नेहमीच्या रेषा दिसत नव्हत्या.

तरीही फाउलर यांचा आक्षेप मार्मिक होता. मोजमापांवरून गुणोत्तर ४ नव्हे, तर ४·००१६ येत होते, आणि वर्णपटमापनाची अचूकता पाहता एवढा फरकही दुर्लक्षिण्याजोगा नव्हता. बोर यांनी दाखविले की, अणुकेंद्र स्थिर नसते. ते व इलेक्ट्रॉन सामाईक द्रव्यमानमध्याभोवती फिरतात. हायड्रोजनाचे केंद्र हलके असल्याने ते अधिक हलते. ही दुरुस्ती केल्यावर गुणोत्तर ४·००१६३ आले. नवख्या सिद्धांताला एवढी काटेकोर कसोटी क्वचितच लाभते. जवळच्या रेषा तंतोतंत एकमेकींवर का पडत नाहीत, हेही यामुळे उलगडले : हायड्रोजनाची रेषा ४,८६१·३ अँगस्ट्रॉमला, तर हीलियमाची ४,८५९·३ अँगस्ट्रॉमला असते.

हीलियमाचा इलेक्ट्रॉन सुटण्यास २४·६ इलेक्ट्रॉन व्होल्ट ऊर्जा लागत असल्याने ही श्रेणी फक्त अत्यंत तप्त ताऱ्यांतच ठळक दिसते. तिच्यातील ४,५४१ अँगस्ट्रॉमच्या रेषेची तीव्रता उदासीन हीलियमाच्या ४,४७१ अँगस्ट्रॉमच्या रेषेशी ताडून ‘ओ’ वर्गातील ताऱ्यांचे उपवर्ग ठरविले जातात.