वाय-फाय अडॅप्टर : बदनाम कोण, दोष कुणाचा?

डेस्कटॉपला वाय-फाय नाही म्हणून मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर किंवा गावातल्या कॉम्प्युटरच्या दुकानात गेलं, की बोटाच्या पेराएवढा यूएसबी अडॅप्टर हातात मिळतो. किंमत काहीशे रुपये. घरी आणून तो सीपीयूच्या मागच्या बाजूला खोचला जातो. नेट कधी चालतं, कधी रखडतं, आणि आठवड्याभरात घरचे ठरवून टाकतात की अडॅप्टर फालतू निघाला. मग दुसरा, त्याहून महाग आणला जातो. माझं म्हणणं असं, की पहिला बहुतेक वेळा चांगलाच असतो. तो चुकीच्या जागी लावलेला असतो, चुकीच्या बँडवर चालत असतो किंवा त्याला भलताच ड्रायव्हर मिळालेला असतो. या तिन्ही गोष्टी घरबसल्या, एक पैसा न घालवता तपासता येतात.

आधी मुळातला गैरसमज. सिम टाकून चालणारी डेटाकार्डं ज्यांनी वापरली, त्यांच्या मनात यूएसबीला लावायची अशी वस्तू म्हणजे नेट आणणारी वस्तू. त्यामुळे अडॅप्टर विकत घेतल्यावर 'यात सिम कुठं घालायचं?' असा प्रश्न आजही विचारला जातो. वाय-फाय अडॅप्टर स्वतः इंटरनेट आणत नाही. घरातल्या राउटरशी किंवा मोबाइलच्या हॉटस्पॉटशी कॉम्प्युटर बिनतारी जोडायचा, एवढंच त्याचं काम. म्हणून रिचार्ज संपलेला असला तरी स्क्रीनच्या कोपऱ्यात वाय-फायच्या सगळ्या कांड्या भरलेल्या दिसू शकतात. त्या कांड्या कॉम्प्युटर आणि राउटर यांच्यातला सिग्नल दाखवतात, राउटरच्या पलीकडचं त्यांना काही ठाऊक नसतं. 'रेंज फुल आहे, तरी नेट चालत नाही' ही तक्रार म्हणूनच सहसा अडॅप्टरची नसते. मोबाइलचा डेटा बंद करून त्याच वाय-फायवर तेच पान उघडून पाहावं. तिथंही अडकलं, तर फोन लावायचा तो नेट पुरवणाऱ्याला.

आता खरा गोंधळ जिथं आहे तो विषय, म्हणजे खोक्यावरचा आकडा.

खोक्यावर 'एन150', 'एसी600', 'एसी1200' असं काही छापलेलं असतं आणि ग्राहक तो वेग समजून घेतो. एसी1200 मधले 1200 हे दोन बँडची बेरीज असते : 2.4 गिगाहर्ट्झवर 300 आणि 5 गिगाहर्ट्झवर 867, वर जवळचा गोल आकडा. कॉम्प्युटर सहसा एका वेळी एकाच बँडवर जोडलेला असतो, त्यामुळे ही बेरीज घरात कधीच अनुभवाला येत नाही. शिवाय हे आकडे हवेतल्या जोडणीचे असतात. राउटर आणि अडॅप्टर यांच्यातली विचारपूस, पोच, पुन्हा पाठवणं यांत बराच वेळ जातो आणि हाती साधारण पन्नास ते साठ टक्के वेग उरतो. डाउनलोडच्या खिडकीत वेग मेगाबाइटमध्ये दिसतो आणि प्लॅन मेगाबिटमध्ये विकला जातो, हे त्यात आणखी एक. 100 एमबीपीएसच्या प्लॅनवर सेकंदाला 12 मेगाबाइट दिसले, तर ती फसवणूक नाही. पूर्ण वेग मिळतोय.

एक नेहमी दिसणारं उदाहरण घेऊ. घरात 100 एमबीपीएसचा फायबर आहे. मोबाइलवर 95 येतात आणि शेजारीच असलेल्या डेस्कटॉपवर 35. डेस्कटॉपला एन150 अडॅप्टर आहे. या अडॅप्टरला एकच अँटेना असते आणि तो फक्त 2.4 गिगाहर्ट्झवर चालतो. 150 हा आकडा गाठायला त्याला 40 मेगाहर्ट्झ रुंदीचं चॅनेल लागतं. इमारतीत आजूबाजूला वीसएक राउटर असले, की बहुतेक राउटर 20 मेगाहर्ट्झवरच राहतात आणि जोडणीचा कमाल वेग 72 वर येतो. त्याचा निम्मा धरा, म्हणजे 35 कुठून आले ते कळेल. मोबाइल मात्र 5 गिगाहर्ट्झवर असतो आणि त्याला सहसा दोन अँटेना असतात. इथं ना अडॅप्टर बिघडलाय, ना कॉम्प्युटर जुना झालाय. अशा घरात एसी600 देखील पुरतो, कारण 5 गिगाहर्ट्झवर तो 433 पर्यंत जोडला जातो. त्याहून मोठा आकडा विकत घेण्याआधी आपला प्लॅन किती एमबीपीएसचा आहे ते बिलावर बघून घ्यावं.

विंडोजमध्ये हे सगळं उघड लिहिलेलं असतं. सेटिंग्जमध्ये नेटवर्क अँड इंटरनेट, तिथं वाय-फाय, आणि जोडलेल्या नेटवर्कच्या प्रॉपर्टीज. त्यात 'नेटवर्क बँड' आणि 'लिंक स्पीड' अशा ओळी सापडतात. बँडसमोर 2.4 दिसलं आणि अडॅप्टर ड्युअल बँड असेल, तर डिव्हाइस मॅनेजरमध्ये अडॅप्टरच्या अ‍ॅडव्हान्स्ड टॅबखाली 'प्रिफर्ड बँड' हा पर्याय बऱ्याचदा मिळतो. तिथं 5 गिगाहर्ट्झ निवडायचं.

याच 5 च्या आकड्यानं दुसरा घोळ घातलाय. राउटर लावायला आलेला मुलगा नेटवर्कचं नाव पुढे '5जी' लावून ठेवतो आणि घरच्यांना वाटतं की हे मोबाइलवालं 5जी. मोबाइलचं 5जी म्हणजे पाचवी पिढी. राउटरवरचं 5 म्हणजे 5 गिगाहर्ट्झ ही वारंवारता. दोघांचा एकमेकांशी काही संबंध नाही, त्यामुळे 4जी फोनवरही हे नेटवर्क चालू शकतं. आणि डेस्कटॉपच्या यादीत ते नाव दिसतच नसेल, तर बहुधा राउटर बंद पडलेला नाही, अडॅप्टर फक्त 2.4 चा आहे. भारतात 2.4 गिगाहर्ट्झचा पट्टा 2005 मध्ये परवानामुक्त झाला आणि 5 गिगाहर्ट्झचा मोठा भाग 2018 मध्ये. 2.4 वर आपल्याकडे तेरा चॅनेल आहेत, पण एकमेकांवर न चढणारी तीनच : 1, 6 आणि 11. मायक्रोवेव्ह ओव्हन, ब्लूटूथ, वायरलेस माउस सगळे त्याच पट्ट्यात. 5 वर जागा ऐसपैस आहे, पण त्या लहरी काँक्रीटच्या भिंतींपुढे लवकर दमतात. राउटर दोन भिंतींपलीकडे असेल, तर 2.4 वरची संथ पण टिकाऊ जोडणी बरी पडते. 5 नेहमीच सरस, हाही एक गैरसमजच.

जागेबद्दल मला सगळ्यात जास्त सांगायचंय, कारण इथं खर्च शून्याजवळ असतो आणि फरक डोळ्याला दिसतो. सीपीयूचं खोकं पत्र्याचं असतं. अडॅप्टर मागच्या पोर्टात लावला, की त्याच्या एका बाजूला पत्रा, दुसऱ्या बाजूला भिंत, भोवती वायरींचं जाळं. टेबलाच्या खालच्या खणात कोंबलेल्या सीपीयूची तर गोष्टच सोडा. त्यात तो निळ्या यूएसबी 3.0 पोर्टात असेल आणि शेजारच्या पोर्टात बाहेरची हार्ड डिस्क असेल, तर आणखी एक अडचण. यूएसबी 3.0 वरून डेटा धावताना जो विद्युत गोंगाट निघतो, तो नेमका 2.4 गिगाहर्ट्झच्या पट्ट्यात पसरतो. इंटेलनं 2012 मध्ये याची मोजमापं एका तांत्रिक लेखात प्रसिद्ध केली होती. घरात त्याचं रूप असं दिसतं : हार्ड डिस्कवर लग्नाचा व्हिडिओ कॉपी व्हायला लागला, की नेट तुटतं आणि वायरलेस माउसही अडखळतो. कॉपी संपली, की सगळं सुरळीत. लोक याला व्हायरस म्हणतात.

उपाय म्हणजे एक मीटरची यूएसबी एक्स्टेन्शन केबल. तिच्या टोकाला अडॅप्टर लावून तो टेबलावर, पत्र्यापासून लांब, राउटरच्या दिशेला मोकळा ठेवायचा. 2.4 वाला अडॅप्टर काळ्या यूएसबी 2.0 पोर्टात लावला तरी त्याचं काही अडत नाही, कारण त्या पोर्टाची मर्यादा 480 एमबीपीएस असते. मोठ्या वेगाच्या अडॅप्टरला मात्र निळं पोर्ट हवं.

मोठी अँटेना म्हणजे जास्त ताकद, हेही खरं नाही. अँटेना ताकद निर्माण करत नाही, आहे ती वेगळ्या आकारात पसरवते. फुगा वरून-खालून दाबला की आडवा पसरतो, तसं. त्यामुळे जास्त डीबीआयची, म्हणजे असा जास्त आडवा पसरवणारी, उभी अँटेना त्याच मजल्यावर लांब पोहोचते आणि वरच्या मजल्यावर कमी पडू शकते.

ड्रायव्हरबद्दल दोन टोकांची मतं आहेत. एक म्हणतं, लावला की चालतो. दुसरं म्हणतं, खोक्यातली सीडी टाकल्याशिवाय चालणारच नाही. विंडोज 10 आणि 11 मध्ये अनेक चिपांचे ड्रायव्हर आधीपासून असतात किंवा विंडोज अपडेटमधून येतात. पण अपडेट यायला नेट हवं, आणि नेटसाठीच तर अडॅप्टर आणलेला. ही कोंडी अँड्रॉइड फोन सोडवतो. फोन यूएसबी केबलनं कॉम्प्युटरला जोडायचा आणि हॉटस्पॉटच्या सेटिंगमधलं 'यूएसबी टिथरिंग' चालू करायचं. कॉम्प्युटरला तारेवरून नेट मिळतं, वाय-फायचा ड्रायव्हर नसला तरी. सीडी ड्राइव्ह नसलेल्या कॉम्प्युटरवाल्यांनी हे एवढं तरी लक्षात ठेवावं. काही अडॅप्टर लावल्याबरोबर सीडी ड्राइव्हसारखे दिसतात. ते बिघडलेले नसतात, त्यांच्या पोटातच ड्रायव्हर असतो. तो एकदा बसला, की पुढे ते अडॅप्टर म्हणून ओळखले जातात.

ड्रायव्हर स्वतः उतरवून घ्यायचा असेल, तर मॉडेलचं नाव पुरेसं नाही. टीपी-लिंकचं टीएल-डब्ल्यूएन722एन हे मॉडेल घ्या. पहिल्या आवृत्तीत अ‍ॅथेरॉसची चिप होती, दुसऱ्या आवृत्तीपासून रिअलटेकची आली. नाव तेच, रूप जवळपास तेच, ड्रायव्हर मात्र एकमेकांना चालत नाहीत. म्हणून अडॅप्टरच्या पाठीवर बारीक अक्षरात आवृत्ती छापलेली असते ती वाचायची. छाप नसलेला स्वस्त अडॅप्टर असेल, तर डिव्हाइस मॅनेजरमध्ये पिवळ्या त्रिकोणाच्या नोंदीवर उजवं क्लिक करून प्रॉपर्टीज, मग डिटेल्स, मग हार्डवेअर आयडीज. तिथं 'व्हीआयडी' आणि 'पीआयडी' असे दोन कोड असतात. बनवणारा कोण आणि वस्तू कोणती, हे त्यावरून कळतं. 'सगळे ड्रायव्हर आपोआप अपडेट करतो' म्हणणारी फुकट सॉफ्टवेअरं घेऊ नयेत. ती नको ते कॉम्प्युटरमध्ये भरतात. आणि 'फॉरमॅट मारून टाका' हा सल्ला तर कृपा करून नाकारा. ड्रायव्हरची अडचण ड्रायव्हर काढून पुन्हा टाकल्यानं सुटते. त्यासाठी मुलांचे फोटो आणि प्रोजेक्ट पणाला लावायचं कारण नाही.

सीपीयू उघडून आत कार्ड बसवणाऱ्यांसाठी दोन गोष्टी. पीसीआय एक्स्प्रेस कार्डाचं वाय-फाय चालतं, पण ब्लूटूथ दिसत नाही, ही तक्रार नेहमीची. ब्लूटूथ त्या स्लॉटमधून जात नाही. कार्डासोबत आलेली छोटी केबल मदरबोर्डच्या यूएसबी पिनांवर लावावी लागते, आणि ती बऱ्याचदा खोक्यातच पडून राहते. दुसरी गोष्ट एम.2 कार्डांची. इंटेलचं एएक्स210 एएमडीच्या बोर्डावरही चालतं. एएक्स211 मात्र इंटेलच्याच, तशी सोय असलेल्या बोर्डावर चालतं, कारण त्याचं निम्मं काम चिपसेटमध्ये होतं. दोघांत फरक एका आकड्याचा, आणि खाच तीच. चुकीचं कार्ड बसतं नीट, दिसत मात्र नाही.

सेटिंगच्या बाबतीत 'आयपी हातानं टाकला की नेट पळतं' असं सांगितलं जातं. पळत नाही. पत्ता राउटरकडून आपोआप घेऊ द्यावा. तो 169.254 नं सुरू होत असेल, तर याचा अर्थ राउटरकडून पत्ता मिळालाच नाही. नेटवर्क 'फर्गेट' करून पासवर्ड पुन्हा टाकावा, राउटर बंद-चालू करावा. मधूनच तुटणाऱ्या नेटसाठी अडॅप्टरच्या पॉवर मॅनेजमेंट टॅबमधली, वीज वाचवायला उपकरण बंद करू देणारी खूण काढून पाहावी.

सुरक्षिततेसाठी नेटवर्कचं नाव लपवणं किंवा ठरावीक उपकरणांच्या मॅक पत्त्यांनाच प्रवेश देणं पुरेसं वाटतं. दोन्ही गोष्टी हवेत उघड फिरतात, साध्या साधनानं वाचता येतात. खरं संरक्षण डब्ल्यूपीए2 किंवा 2018 मध्ये आलेल्या डब्ल्यूपीए3 चं आणि लांब पासवर्डचं. जुना अडॅप्टर डब्ल्यूपीए3 ला जोडत नसेल, तर राउटरवर दोन्हींचा मिश्र पर्याय निवडावा. राउटरवर जुनं 'टीकेआयपी' एन्क्रिप्शन चालू राहिलं, तर त्या जोडणीचा वेग 54 एमबीपीएसच्या वर जात नाही. 'एईएस' निवडलं की तो अडसर निघतो.

आणि राउटर त्याच खोलीत असेल, तर हे काहीच लागत नाही. डेस्कटॉपच्या मागे लॅनचं पोर्ट बहुधा असतंच. कॅट-5ई केबल 100 मीटरपर्यंत 1000 एमबीपीएस नेते आणि शेजारच्यांच्या वीस राउटरांचा तिला काही फरक पडत नाही.